बारा इंचांचा सैनिक : साठ वर्षांच्या वादाचा आढावा

प्रश्नाची व्याप्ती

सांध्यांत वळणारा, कपडे चढवता-उतरवता येणारा, हातात छोटी बंदूक धरू शकणारा प्लास्टिकचा सैनिक १९६४ मध्ये अमेरिकेच्या बाजारात आला. तेव्हापासून त्याच्याभोवती वाद आहे, आणि या साठ वर्षांत वादातले पक्षही बदलत गेले आहेत. सुरुवातीला एका बाजूला पालक, शिक्षक आणि शांततावादी होते, दुसऱ्या बाजूला खेळणी-उद्योग. आज बारा इंची सैनिक मुलांच्या हातात क्वचित दिसतो. तो प्रौढ संग्राहकाच्या काचेच्या कपाटात उभा असतो, आणि त्याच्या कमरेच्या पट्ट्याचे बक्कल नेमक्या सालातले आहे की नाही यावर संग्राहक तासन्‌तास बोलतात. ‘याने मुले हिंसक होतात का’ या प्रश्नाऐवजी आता ‘कोणत्या सैन्याचा सैनिक बनवावा, किती हुबेहूब, आणि कोणासाठी’ हे प्रश्न पुढे आहेत. जुना प्रश्न मात्र सुटलेला नाही. तो फक्त मागे पडला आहे.

या आढाव्यात आधी या वस्तूचा इतिहास, मग तिच्याभोवतीचे चार प्रमुख वाद, त्यानंतर भारताशी असलेला तिचा संबंध आणि शेवटी अनिर्णित राहिलेले मुद्दे असा क्रम ठेवला आहे. एक निरीक्षण आधीच नोंदवतो, कारण पुढच्या सगळ्या विवेचनाला त्याचा आधार आहे. या सैनिकाचे शरीर बहुतेक वेळा एकच असते. गणवेश, हेल्मेट, पट्टे, काडतुसांच्या पिशव्या, बंदूक आणि बाहीवरचा बिल्ला यांवरून तो कोणत्या वर्षीचा, कोणत्या देशाचा आणि कोणत्या बाजूचा हे ठरते. त्याचा इतिहास, त्याचा व्यापार आणि त्याच्याविषयीचे आक्षेप या तिन्हींचे मूळ या सामानात आहे.

जन्म आणि पहिले दशक

मूळ कल्पना स्टॅन वेस्टन या परवाने मिळवून देणाऱ्या व्यावसायिकाची. ‘द लेफ्टनंट’ या दूरचित्रवाणी मालिकेच्या निमित्ताने सैनिकी खेळण्यांची एक मालिका काढता येईल, असे त्याने हॅस्ब्रो या खेळणी-कंपनीच्या डॉन लेव्हिनला सुचवले. मालिका फार काळ चालली नाही, कल्पना मात्र टिकली. चित्रकार सरावासाठी वापरतात तो सांध्यांचा लाकडी पुतळा लेव्हिनला दुकानाच्या काचेत दिसला आणि शरीराचा आराखडा सुचला. वेस्टनला कल्पनेचे एकरकमी १ लाख डॉलर मिळाले. वार्ताहर अर्नी पाइल यांच्यावरच्या १९४५ च्या चित्रपटावरून ‘जी. आय. जो’ हे नाव घेतले गेले.

व्यापाराचा नमुना मॅटेल कंपनीच्या बार्बीने १९५९ मध्येच घालून दिला होता. बाहुली एकदाच विकायची, कपडे पुन:पुन्हा विकायचे. हॅस्ब्रोने तोच नमुना मुलग्यांसाठी वापरला. साडेअकरा इंच (ढोबळपणे बारा इंच) उंची, हलणारे २१ भाग आणि चार मूळ रूपे : पायदळाचा जवान, खलाशी, मरीन आणि वैमानिक. बाकी सगळे वेगळे घ्यायचे. तंबू, रेडिओ, संगिनी, पॅराशूट, हिमप्रदेशाचा पोशाख. पुढे जीप आली, १९६६ मध्ये अंतराळ-कुपीही आली. मुलगे ‘बाहुली’ घेणार नाहीत या भीतीने कंपनीने आपल्या माणसांना तो शब्दच वापरू दिला नाही. ‘ॲक्शन फिगर’ ही संज्ञा या निर्णयातून रूढ झाली.

मानवी आकृतीवर मालकी सांगता येत नाही, म्हणून ओळखीच्या खुणा ठेवाव्या लागल्या. उजव्या गालावर जखमेचा व्रण दिला गेला, तर अंगठ्याचे नख चुकीच्या बाजूला राहिले. त्या नखामुळे पुढे नकली माल ओळखणे सोपे झाले. १९६५ मध्ये कृष्णवर्णीय जवान आला, १९६६ मध्ये जर्मन, जपानी, रशियन, ब्रिटिश, फ्रेंच आणि ऑस्ट्रेलियन सैनिकांची मालिका आली, आणि १९६७ मध्ये परिचारिका. परिचारिकेला मुलग्यांनीही घेतले नाही, मुलींनीही नाही. दुकानदारांकडे पडून राहिलेली तीच आकृती आज पेटीसह मिळाली तर हजारो डॉलरला जाते. ब्रिटनमध्ये पॅलिटॉय कंपनीने १९६६ पासून हाच सैनिक ‘ॲक्शन मॅन’ म्हणून विकला. जपानमध्ये टाकारा कंपनीने त्याच शरीरावरून पारदर्शक सायबॉर्ग बनवला. त्यातून ‘मायक्रोमॅन’ आणि पुढे ‘ट्रान्सफॉर्मर्स’पर्यंतची वाट निघाली.

मग व्हिएतनाम युद्ध घराघरांतल्या पडद्यावर आले. १९६६ च्या न्यूयॉर्क खेळणी-मेळ्याबाहेर मेरी पॉपिन्सच्या वेशात, काळ्या छत्र्या घेऊन स्त्रियांनी युद्धखेळण्यांविरुद्ध निदर्शने केली. बालसंगोपनावरच्या पुस्तकामुळे घरोघरी पोहोचलेले डॉ. बेंजामिन स्पॉक हेही अशा खेळण्यांच्या विरोधात बोलू लागले. १९७० मध्ये हॅस्ब्रोने सैनिकाला ‘साहसी पथका’त बदलले. त्याला दाढी आली, ब्रिटनमध्ये विकसित झालेले लोकरीसारखे केस आले, आणि शत्रूऐवजी वाघ, ममी व ज्वालामुखी आले. शरीर तेच राहिले, सामान बदलले आणि सैनिकाचा शोधक झाला. १९७३ च्या तेलसंकटानंतर प्लास्टिक महागले, आणि १९७६ मध्ये बारा इंची मालिका थांबली.

दुसरा जन्म : पावणेचार इंच आणि शत्रूची रचना

१९७८ पासून केनर कंपनीच्या ‘स्टार वॉर्स’ आकृत्यांनी पावणेचार इंचांचे माप रूढ केले. या मापात वाहने आणि तळ परवडणाऱ्या किमतीत बनवता येतात. १९८२ मध्ये हॅस्ब्रोने याच मापात नवा ‘जी. आय. जो’ आणला. आता ते एका माणसाचे नाव नव्हते, एका पथकाचे होते. समोर ‘कोब्रा’ ही काल्पनिक दहशतवादी संघटना उभी केली गेली. मार्व्हलच्या कॉमिक मालिकेचा लेखक लॅरी हामा याने प्रत्येक पात्राच्या पेटीमागे छापायची माहितीपत्रे लिहिली : खरे नाव, जन्मगाव, सैन्यातले काम, स्वभाव. हामा स्वत: सैन्यात राहिलेला होता, आणि त्या पत्रांतला तपशील मुलांनी कात्रीने कापून जपला.

१९८४ मध्ये अमेरिकेच्या संपर्क आयोगाने मुलांच्या कार्यक्रमांवरचे निर्बंध सैल केले. खेळण्यावर आधारित कार्टून मालिका रोज दाखवणे शक्य झाले, आणि खेळणे, कॉमिक व कार्टून ही एकाच विक्रीयंत्रणेची तीन टोके झाली. १९८५ चे ‘यूएसएस फ्लॅग’ हे विमानवाहू जहाज साडेसात फूट लांब होते. ‘सामान’ या कल्पनेने इथे टोक गाठले. ही मालिका १९९४ मध्ये थांबली, पण तिच्यासोबत वाढलेली पिढी कमावती झाल्यावर पुन्हा या वस्तूंकडे वळली.

प्रौढांचा सैनिक

१९९० च्या दशकात बारा इंची सैनिक परतला, पण ग्राहक बदलला होता. हॅस्ब्रोने ‘क्लासिक कलेक्शन’मध्ये ऐतिहासिक पलटणी आणल्या. अमेरिकेत ‘ट्वेंटी-फर्स्ट सेंच्युरी टॉइज’ने स्वस्त पण तपशीलवार सैनिक काढले. हाँगकाँगच्या ड्रॅगन कंपनीने १९९९ पासून या मापात पाऊल टाकले आणि कसबाची पातळीच बदलली. पुढे हाँगकाँग आणि चीनमधून हॉट टॉइज, डीआयडी, सोल्जर स्टोरी, डॅम टॉइज अशी नावे आली. आज चित्रपटांच्या आकृत्यांसाठी ओळखली जाणारी हॉट टॉइज सुरुवातीला सैनिकच बनवत असे.

माप एकास सहा. सहा फुटांचा माणूस इथे बारा इंचांचा होतो. आजच्या एका संचात शिवलेला गणवेश, चालणारी चेन, धातूची बक्कले, मॅगझिन वेगळे निघणारी रायफल, रात्री पाहण्याची दुर्बीण, अदलाबदल करता येणारे हातांचे जोड आणि रंगवलेले स्वतंत्र शिर असते. विक्रेते पेटी फोडून एकेक वस्तू सुटीही विकतात. कोणी फक्त बूट घेतो, कोणी फक्त शिर. वेगवेगळ्या संचांतून हवे ते घेऊन स्वत:चा सैनिक जुळवण्याला संग्राहक ‘किटबॅशिंग’ म्हणतात. अनेकांच्या लेखी खरा छंद तोच. बंद पेटी जपणे ही त्यांच्या मते गुंतवणूक. छंदाच्या आतली ही पहिली फूट. एका बाजूला ‘पेटी उघडायची नाही’ म्हणणारे, दुसऱ्या बाजूला ‘उघडल्याशिवाय वस्तूला अर्थ नाही’ म्हणणारे.

वाद पहिला : मूल आणि युद्धाचा खेळ

सर्वांत जुना आक्षेप असा, की युद्धखेळणी मुलांना हिंसेची सवय लावतात. स्वीडनमध्ये १९७०च्या दशकाच्या अखेरीस शासन आणि व्यापारी संघटना यांच्यात करार होऊन आधुनिक युद्धाशी निगडित खेळणी दुकानांतून काढली गेली. युरोपीय संसदेने १९८२ मध्ये अशा खेळण्यांचे उत्पादन कमी करण्याच्या बाजूने ठराव केला. या भूमिकेचा गाभा नैतिक आहे : समाज ज्याचे खेळणे बनवतो, त्याला तो मान्यता देतो.

नॅन्सी कार्लसन-पेज आणि डायान लेव्हिन यांनी १९८७ मध्ये ‘द वॉर प्ले डिलेमा’ या पुस्तकात याहून सूक्ष्म भूमिका मांडली. लढाईचा खेळ मुले नेहमीच खेळत आली आहेत, आणि भीती, सत्ता, न्याय यांचा अर्थ लावायला तो त्यांना मदतही करतो, हे त्या मान्य करतात. त्यांची चिंता कार्टूनसह विकल्या जाणाऱ्या, एकच उपयोग सुचवणाऱ्या खेळण्यांविषयी आहे. अशा खेळण्याने मूल स्वत:ची गोष्ट रचत नाही, पडद्यावरची गोष्ट पुन्हा करते. या मांडणीत बोट ठेवले जाते ते सामानावर. काठी बंदूकही होते आणि घोडाही. नळी, चाप, दुर्बीण असलेली बंदूक बंदूकच राहते.

दुसऱ्या बाजूला खेळाचे अभ्यासक आहेत. ब्रायन सटन-स्मिथ यांच्या परंपरेतले लोक खेळातली मारामारी आणि खरी आक्रमकता यांत भेद करतात. हसत, नियम पाळत, भूमिका बदलत चाललेली लढाई ही त्यांच्या दृष्टीने सहकार्याची कृती आहे. ब्रिटनमधील पेनी हॉलंड यांनी २००३ च्या पुस्तकात बालवाड्यांतली सरसकट बंदी तपासली. बंदीमुळे खेळ थांबत नाही, तो लपून चालतो, आणि सतत ‘नाही’ ऐकणारे मुलगे शिक्षकांपासून दुरावतात, असे त्यांचे निरीक्षण आहे. गेरार्ड जोन्स यांनी ‘किलिंग मॉन्स्टर्स’ या २००२ च्या पुस्तकात कल्पित हिंसा मुलांना धीर देते, अशी बाजू मांडली.

पुराव्याची अडचण दोन्ही बाजूंना आहे. खेळण्यातल्या बंदुकीने खेळणे आणि आक्रमकता यांत संबंध दिसला, तरी आधीच आक्रमक असलेले मूल अशी खेळणी निवडते की खेळणी त्याला तसे घडवतात, हे वेगळे काढणे कठीण असते. घरातले वातावरण आणि पालकांची शिक्षा करण्याची पद्धत यांचा परिणामही त्यात मिसळलेला असतो. शिवाय बहुतेक अभ्यास बंदुकांवर आहेत. तपशीलवार सैनिक-आकृतीचा, तिचे नाव-गाव-पलटण सांगणाऱ्या पत्राचा मुलावर काय परिणाम होतो, हा स्वतंत्र प्रश्न आहे, आणि त्याकडे संशोधनाचे लक्ष फारच कमी गेले आहे.

वाद दुसरा : बाहुली, पुरुष आणि शरीर

दुसरा वाद पुरुषपणाच्या प्रतिमेचा. हॅस्ब्रोने साठच्या दशकात टाळलेली ओळख १९८० च्या दशकात न्यायालयात समोर आली. हाँगकाँगहून आयात होणाऱ्या आकृत्यांवर बाहुली म्हणून जकात लावायची की खेळणे म्हणून, असा तो प्रश्न होता. १९८९ मध्ये फेडरल सर्किट न्यायालयाने ‘जी. आय. जो’ ही बाहुलीच आहे, असा निकाल कायम केला. मानवी आकृतीचे खेळणे ते बाहुली, मग तिच्या हाती बंदूक असो वा कंगवा. २००३ मध्ये दुसऱ्या कंपनीच्या ‘एक्स-मेन’ आकृत्या मानव नाहीत म्हणून खेळणी ठरल्या. २००७ च्या आंतरराष्ट्रीय जकात वर्गीकरणात बाहुल्या आणि खेळणी एकाच शीर्षकाखाली आल्या, त्यामुळे या भेदाचे आर्थिक महत्त्व जवळपास संपले. सांस्कृतिक भेद मात्र उरला. १९९३ मध्ये ‘बार्बी लिबरेशन ऑर्गनायझेशन’ या गटाने बोलणाऱ्या बार्बी आणि बोलणाऱ्या ‘जी. आय. जो’ यांचे आवाज आतून बदलले आणि त्या पुन्हा दुकानांच्या फळीवर ठेवल्या. खेळण्यांच्या पेट्यांतून मुलामुलींना कोणते संवाद शिकवले जातात, हे त्यामुळे एकदम उघडे पडले.

शरीराचा मुद्दा १९९९ मध्ये हॅरिसन पोप आणि सहकाऱ्यांनी मांडला. त्यांनी वेगवेगळ्या काळातल्या आकृत्या मोजून ती मापे पूर्ण उंचीच्या पुरुषाच्या मापात बदलली. १९६४ च्या ‘जो’चा दंड त्या हिशेबाने सुमारे १२ इंच भरला, १९९० च्या दशकातल्या ‘जी. आय. जो एक्स्ट्रीम’चा सुमारे २७ इंच. इतका दंड व्यावसायिक शरीरसौष्ठवपटूंनाही दुर्मीळ. बार्बीविषयी जे बोलले जात होते, ते मुलग्यांच्या खेळण्यांनाही लागू आहे, हा त्यांचा निष्कर्ष.

यावर दोन प्रत्युत्तरे दिली जातात. एक, या अभ्यासाने खेळणी मोजली, मुले मोजली नाहीत; आकृती फुगली म्हणजे मुलाचे स्वत:विषयीचे मत बदलले, हे त्यातून सिद्ध होत नाही. दोन, संग्राहकांसाठीचे एकास सहा मापाचे सैनिक या वाटेने गेले नाहीत. गणवेश नीट बसायचा तर शरीर सडपातळ लागते, आणि वास्तवाचा आग्रह धरणाऱ्या ग्राहकाला खराच जवान हवा असतो. पहिला आक्षेप पद्धतीचा आहे आणि तो योग्य आहे. दुसरा अर्धा योग्य आहे, कारण मुलांच्या फळीवर विकल्या जाणाऱ्या आकृत्यांविषयी तो काही सांगत नाही.

स्त्री-सैनिकाचा प्रश्न अजून संथ गतीने सरकतो आहे. १९६७ च्या परिचारिकेनंतर बारा इंचांत पुढची स्त्री, हेलिकॉप्टर वैमानिक, १९९७ मध्ये आली. छोट्या हिरव्या सैनिकांच्या जगात एका लहान मुलीच्या पत्रानंतर बीएमसी टॉइजने २०२० मध्ये स्त्री-सैनिकांचा संच काढला. आधुनिक सैन्यांतला स्त्रियांचा वाटा पाहता कपाटातले प्रमाण अजून फार मागे आहे.

वाद तिसरा : हुबेहूबपणा कोणासाठी

संग्राहकांच्या जगातला सर्वांत मोठा आणि सर्वांत कमी चर्चिलेला वाद हा आहे. हुबेहूबपणा कुठवर पोहोचला आहे हे फेब्रुवारी २००५ मध्ये जगाला दिसले. इराकमधल्या एका गटाने अमेरिकन सैनिक ओलीस धरल्याचा दावा करत छायाचित्र प्रसृत केले आणि त्याचा शिरच्छेद करण्याची धमकी दिली. वृत्तसंस्थांनी ते छापले. नंतर उघड झाले की तो ‘स्पेशल ऑप्स कोडी’ नावाचा ड्रॅगनचा बारा इंची सैनिक होता, कुवेतमधल्या अमेरिकन तळांवरच्या दुकानांत विकला गेलेला. त्याच्यावर रोखलेली बंदूकही त्याच्याच संचातली वाटत होती.

राजकारणाचा स्पर्श इतरत्रही आहे. २००३ मध्ये ब्ल्यू बॉक्स कंपनीने वैमानिकाच्या पोशाखातले राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश बारा इंचांत आणले. २०१४ मध्ये ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने बातमी दिली की सीआयएने काही वर्षांपूर्वी ओसामा बिन लादेनची अशी आकृती तयार करवली होती, जिचा चेहरा सोलला की खाली राक्षस दिसे, आणि त्या कामी डॉन लेव्हिनची मदत घेतली होती. सीआयएच्या म्हणण्यानुसार काही नमुन्यांपलीकडे ते गेले नाही. पण अशा आकृतीत मत घडवण्याची ताकद आहे असे राज्यसंस्थांनाही वाटते, हे त्यातून दिसते.

सर्वांत तीव्र मतभेद दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन सैनिकांवर आहेत. बाजारात त्यांची संख्या मोठी आहे. वाफेन-एसएस या नाझी लष्करी दलाच्या तुकड्या आणि नाझी अधिकारीही बनतात. समर्थकांचे म्हणणे असे, की इतिहासाच्या देखाव्यात दोन्ही बाजू लागतात. बिल्ला आणि पट्टी खोटी केली तर देखावा खोटा ठरतो, आणि संग्राहक म्हणजे सहानुभूतीदार नव्हे. विरोधकांचे म्हणणे असे, की गणवेशाची शिवण दाखवणारी वस्तू त्या गणवेशाने केलेल्या संहाराविषयी काहीच बोलत नाही. कपाटात ती फक्त देखणी दिसते. जर्मन दंडसंहितेचे कलम ८६अ नाझी चिन्हांच्या प्रदर्शनाला मनाई करते. कला, विज्ञान, शिक्षण आणि इतिहासाच्या मांडणीला त्यात सवलत आहे. विक्रीची आकृती त्या सवलतीत बसते का, याविषयी उत्पादक सावध राहतात. मॉडेल किटच्या क्षेत्रात नाझी चिन्ह तुकड्यांत छापण्याची किंवा वगळण्याची पद्धत त्यातूनच आली.

याच हुबेहूबपणाचा दुसरा उपयोगही नोंदवायला हवा. १९९८ मध्ये हॅस्ब्रोने ४४२ व्या रेजिमेंटचा जपानी-अमेरिकन जवान काढला. ज्या समाजाच्या कुटुंबांना त्याच काळात छावण्यांत डांबले होते, त्यांच्या मुलांनी दिलेल्या लढाईची ती उशिरा झालेली नोंद होती. पुढे नवाहो या मूळ अमेरिकन जमातीचा सांकेतिक संदेशवाहक आला. त्याला सॅम बिलिसन या खऱ्याच संदेशवाहकाचा आवाज होता. या समूहांना इतिहासाच्या पुस्तकांत पुरेशी जागा मिळाली नव्हती, ती दुकानाच्या फळीवर मिळाली.

कलेच्या क्षेत्रातही ही आकृती गेली आहे. डेव्हिड लेविन्थाल यांनी गॅरी ट्रुडो यांच्यासह १९७७ मध्ये खेळण्यातले सैनिक वापरून जर्मनीच्या रशियातल्या स्वारीचे छायाचित्र-पुस्तक केले. न्यूयॉर्क राज्यातले मार्क होगनकँप यांनी २००० मधल्या जीवघेण्या मारहाणीनंतर स्मृती आणि हात दोन्ही सावरण्यासाठी अंगणात एकास सहा मापाचे बेल्जियन गाव उभारले. त्यावर २०१० मध्ये ‘मार्वेनकोल’ हा माहितीपट झाला. छोट्या बक्कलांशी झुंजणे हीच त्यांची उपचारपद्धती ठरली.

वाद चौथा : किंमत, नक्कल आणि जतन

डॉन लेव्हिनचा हाताने केलेला मूळ नमुना २००३ मध्ये २ लाख डॉलरला विकला गेला. अशा बातम्यांनी ही वस्तू गुंतवणूक असल्याचा समज पसरला. त्यापाठोपाठ आकृती तपासून, गुण देऊन, ॲक्रिलिकच्या पेटीत कायमची बंद करणाऱ्या संस्था आल्या. समर्थकांना त्यात फसवणुकीपासून संरक्षण दिसते. टीकाकारांचा आक्षेप असा, की गुणांचे निकष खाजगी आहेत आणि बंद पेटीत वस्तूचा अभ्यास थांबतो.

किंमत ठरते ती प्रामुख्याने सामानावरून. मूळ सैनिक पुष्कळ टिकले. हरवले ते टोप्या, संगिनी आणि बुटांचे जोड. त्यामुळे पुनर्निर्मित सामानाची बाजारपेठ उभी राहिली. खूण करून विकलेली प्रतिकृती बहुतेकांना मान्य आहे. खूण नसलेली प्रतिकृती दोन-तीन हात बदलल्यावर ‘मूळ’ होऊन बसते, हा खरा धोका.

जतनाचे प्रश्न रसायनाचे आहेत. पीव्हीसीतला मृदुकारक द्रव हळूहळू बाहेर येतो. बूट चिकट होतात आणि पायाला धरून बसतात. कृत्रिम चामड्याचा पॉलियुरेथेनचा थर काही वर्षांत सोलतो. कपाटात कधी न हाताळलेले जाकीटही त्यातून सुटत नाही. पावणेचार इंची आकृतीच्या कमरेतले रबरी कडे वाळून तुटते. ते बदलावे की मूळ तुटलेलेच जपावे, पिवळे पडलेले प्लास्टिक पेरॉक्साइडने उजळावे की नाही, यावर मते दुभंगलेली आहेत. कला-संग्रहालयांत ज्याला संवर्धनाची नीती म्हणतात, तीच चर्चा इथे छंदाच्या पातळीवर चालू आहे. संस्थांनीही या वस्तूंची दखल घेतली आहे. रॉचेस्टरच्या राष्ट्रीय खेळणी-सन्मानदालनात ‘जी. आय. जो’चा समावेश २००४ मध्ये झाला; लंडनच्या बाल-संग्रहालयाने २०१३ मध्ये युद्ध आणि खेळणी यांवर स्वतंत्र प्रदर्शन भरवले.

भारतातला धागा : गोवा ते पुणे

या इतिहासाचा एक धागा थेट आपल्याकडे येतो. एमआरएफ आणि हॅस्ब्रो यांच्या भागीदारीतून उभ्या राहिलेल्या फनस्कूलचा कारखाना गोव्यात आहे, आणि पावणेचार इंची ‘जी. आय. जो’ भारतात फनस्कूलच्याच नावाने विकला गेला. हॅस्ब्रोचे साचे देशोदेशी फिरत, आणि प्रत्येक ठिकाणी रंग, सामान आणि छापील कार्ड वेगळे होई. फनस्कूलच्या आकृत्यांतले हे फरक परदेशी संग्राहकांना इतके आवडले की भारतीय पेट्या त्यांच्याकडे मुद्दाम मागवल्या जाऊ लागल्या. मुंबई-पुण्यात नव्वदच्या दशकात वाढलेल्या अनेकांची या सैनिकाशी ओळख याच भारतीय पेटीतून झाली.

आजचा भारतीय संग्राहक मुख्यत: आयातीवर अवलंबून आहे. खेळण्यांवरची मूळ सीमाशुल्काची आकारणी २०२० च्या अर्थसंकल्पात २० वरून ६० टक्के झाली आणि २०२३ मध्ये ७० टक्के. शिवाय १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांसाठी भारतीय मानक ब्यूरोचे प्रमाणपत्र १ जानेवारी २०२१ पासून बंधनकारक झाले. मुलांची सुरक्षा आणि देशी उद्योगाचे संरक्षण हे यामागचे हेतू. प्रौढांसाठीची संग्राह्य आकृती मात्र जकातीच्या दृष्टीने त्याच शीर्षकाखाली येते. परदेशातल्या ‘खेळणे की बाहुली’ या जुन्या वादाचे हे भारतीय रूप म्हणता येईल : ‘खेळणे की संग्राह्य वस्तू’.

आशयाच्या बाजूने पोकळी मोठी आहे. मराठी घरात सैनिक मांडण्याची परंपरा नवी नाही. दिवाळीच्या किल्ल्यावर मुले मातीचे मावळे, तोफा आणि पहारेकरी मांडतात, आणि कोणता मावळा कोणत्या बुरुजावर यावर हुज्जतही घालतात. पण पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात लढलेला किंवा दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढलेला मराठा लाइट इन्फन्ट्रीचा जवान एकास सहाच्या जागतिक बाजारात जर्मन वा अमेरिकन सैनिकांच्या मानाने जवळपास दिसतच नाही. नामदेव जाधव आणि यशवंत घाडगे या इटलीतल्या दोन मराठा वीरांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला होता. त्यांचा गणवेश, बिल्ले आणि शस्त्रे यांच्या नोंदी आहेत. त्यांवरून सैनिक घडवण्याचे काम हौशी जुळवणाऱ्यांच्याच हाती राहिले आहे.

अनिर्णित काय आहे

आढाव्यातून चार गोष्टी उघड्या राहतात. मुलांवरचा परिणाम : टोकाची दोन्ही विधाने पुराव्यापुढे धावतात. मुक्त खेळ आणि पटकथेने बांधलेला खेळ हा भेद सर्वांत उपयुक्त ठरला आहे, पण तो मोजण्याची सर्वमान्य रीत नाही. शरीर आणि लिंगभाव : आकृत्या बदलल्या हे सिद्ध आहे, त्यांनी पाहणारे बदलले का हे नाही. जतन : प्लास्टिक आपोआप झिजते आहे, आणि मूळ अवस्था म्हणजे काय यावर एकमत होण्याआधीच बरेच नमुने हातचे जातील.

चौथी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. हुबेहूबपणाचे समर्थक आणि विरोधक दोघेही एक गोष्ट गृहीत धरतात : वस्तू जितकी खरी, तितका इतिहास खरा. साठ वर्षांचा अनुभव याला पुरता दुजोरा देत नाही. ४४२ व्या रेजिमेंटच्या जवानाने विसरलेली गोष्ट पुढे आणली, कारण त्याच्यासोबत ती गोष्टही आली. वाफेन-एसएसचा सैनिक तितकाच तपशीलवार असतो, पण त्याच्या पेटीवर त्याची तुकडी कुठे होती आणि तिने काय केले, हे बहुधा नसते. लॅरी हामाने काल्पनिक पात्रांसाठी लिहिलेली माहितीपत्रे मुलांनी जपली. खऱ्या पलटणींसाठी तेवढीच जिद्द फार थोड्या उत्पादकांनी दाखवली.

हे काम अशक्य नाही. बक्कल १९४२ चे की १९४४ चे यावर पुरावे मागणारा हा समाज आहे. छायाचित्रे, भरती-नोंदी आणि पलटणींचे इतिहास धुंडाळायची सवय त्याला आधीच आहे. तीच शिस्त सैनिकाच्या सामानापासून त्याच्या युद्धापर्यंत नेली, म्हणजे पेटीत गणवेशासोबत त्या तुकडीचा खरा, विजय-अत्याचार दोन्ही सांगणारा लेखाजोखा ठेवला, तर समर्थकांचा ‘आम्ही इतिहास जपतो’ हा दावा तपासता येईल आणि विरोधकांच्या मुख्य आक्षेपालाही उत्तर मिळेल. पुढच्या दशकात या क्षेत्राची प्रगती मोजायची असेल, तर ती याच निकषावर मोजावी.